कातरीच्या बदल्यात पिस्तूल

आमच्या केंदूरच्या घरात एकेकाळी पाच पिस्तुलं होती. घाबरू नका, एकातूनही गोळी सुटत नसे. दोन लाकडाची, एक रबराचं, उरलेली दोन लोखंडी, पण नळीला भोकच नाही. कॉलेजात असताना शिरूरच्या व्हिडिओ सेंटरवर घोडेस्वारांचे इंग्रजी सिनेमे पाहून जे खूळ डोक्यात शिरलं, ते रांजणगावला कारखान्यात चिकटलो, दोन लेकरांचा बाप झालो तरी गेलं नाही. त्या सिनेमांत खरोखर वापरलेली खोटी पिस्तुलं मी जमवायचो. पुण्याच्या जुन्या बाजारातला एक दुकानदार ती द्यायचा, सोबत इंग्रजीत टाइप केलेला दाखला. त्या कागदावर माझा जेवढा विश्वास होता, तेवढा आमच्या सातबाऱ्यावरही नव्हता.

पाचव्या पिस्तुलाचे त्याने पैसे घेतले नाहीत. हॉटेलवाल्यांना भिंतीवर टांगायला गावाकडचं जुनं लोखंड लागतं, तसलं काही आणा म्हणाला. मी आबांची कातर नेऊन दिली.

आबा म्हणजे माझे वडील. मेंढरं विकून आम्ही बागायत धरली त्याला बरीच वर्षं झाली होती, पण लोकर कातरायची ती कातर आबा तेल लावून भिंतीतल्या देवळीत जपायचे. दिवाळीनंतर धाकट्या चुलत्यांची मेंढरं कोकणात उतरायच्या आधी आमच्या रानात बसत, आणि पहिलं मेंढरू आबांनी कातरायचं असा शिरस्ता होता. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मेंढरं आली. आबांनी देवळीत हात घातला, मग मला विचारलं. सुचलं ते सांगून टाकलं, की खुटबावच्या मेव्हण्यानं नेली. मेव्हणा शेवंती लावतो. तो कातरीनं काय करणार होता, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना आबा दोन एस.टी. बदलून खुटबावला गेले. दुपारी मेव्हण्याचा कारखान्यात फोन आला. आबा अचानक आले, चहा घेतला, तुमच्याकडं कुणाची मेंढरं हायती का, एवढं विचारलं. तो म्हणाला, आमच्याकडं फुलं, मेंढरं कुठली. मग आबा म्हणाले, सहज आलो व्हतो पोरांना बघाया, आन् उठले.

संध्याकाळी घरी आलो तर आबा माझ्या कपाटापुढे उभे. नवं पिस्तूल हातात.

"ह्ये चालतंय का?"

"न्हाई, आबा."

"मंग?"

मी सिनेमाचं सांगितलं, दाखल्याचं सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मधे एकदाही टोकलं नाही. मग पिस्तूल होतं तसंच, त्याच बाजूला तोंड करून ठेवलं. कातरीचं नाव काढलं नाही. मीही नाही काढलं.

सकाळी चुलत्यांची कातर घेऊन आबा बसले. तिच्या मुठी त्यांच्या हाताला बसेनात. मेंढीच्या कुशीला जखम झाली. आबांच्या हातून मेंढराच्या अंगातून रक्त आलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. कुणीतरी हळद आणली.

"दादा, हात जड झाला की," चुलते म्हणाले, आणि सगळे हसले.

"व्हय. वय झालं आता," आबा म्हणाले.

मेंढीचे मागचे पाय मी धरले होते. तिथंच, सगळ्यांदेखत, बोलता आलं असतं. मी पाय आणखी घट्ट धरले.