आचारसंहितेतला रविवार

व्हिडिओ मला पहिल्यांदा दाखवला तो ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने. लातूरला एका क्लासमध्ये मी जीवशास्त्राचे सराव प्रश्न तयार करते, ती भौतिकशास्त्राचे करते. तिचं माहेर कंधारचं. तिथे नगरपरिषदेची निवडणूक लागलेली, त्यामुळे गावातले सगळे स्टेटस तिच्या मोबाईलवर येत. "हे तुझे पप्पा ना?" असं विचारून तिने आवाज वाढवला.

पप्पाच होते. पांढरा झगा, मिटलेले डोळे, एका हातात माईक. नगरपरिषदेच्या एका उमेदवाराचं नाव घेऊन "प्रभू, याला निवडून आण. याच्या विरोधकांची मान खाली घाल," असं ते म्हणत होते. खाली त्या उमेदवाराचा हात जोडलेला फोटो होता आणि मागे कुणीतरी ढोल-ताशा जोडला होता. एवढ्यावरच व्हिडिओ संपत होता.

मी "हो" म्हणाले आणि स्क्रीनकडे वळले. ती आणखी काहीतरी विचारेल म्हणून हेडफोन लावले, पण त्यात काही वाजत नव्हतं. पेशीपटलावरचा एक प्रश्न तेवढा पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

पप्पा कंधारच्या आमच्या छोट्या चर्चचे पाळक आहेत. ते शब्द त्यांचे नव्हते हे मला लगेच कळलं, पण बाहेरच्या माणसाला ते पटवणं किती अवघड आहे, हेही कळलं. आमच्याकडे रविवारच्या उपासनेत प्रवचनानंतर विनंत्या होतात. ज्याला जे मागायचं असेल त्याने जागेवर उभं राहून मागायचं. कुणाच्या गुडघ्यासाठी, कुणाच्या म्हशीसाठी, कुणाच्या मुलाच्या नीटच्या परीक्षेसाठी. मग पप्पा माईक घेतात आणि मागणाऱ्याचेच शब्द, ज्याच्यासाठी मागितलं त्याचं नाव घेऊन, देवासमोर परत म्हणतात. एकही शब्द बदलत नाहीत. पाळकाने आपल्या शब्दांत मागितलं की ती पाळकाची प्रार्थना होते, ज्याची गरज आहे त्याची राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. लातूरच्या चर्चमध्ये होते तेव्हाही ते असंच करत. एकदा एका बाईने जावेची जीभ झडो असं मागितलं, तेव्हा तेवढं मात्र त्यांनी म्हटलं नव्हतं.

व्हिडिओतल्या त्या रविवारी मागणारी होती मावशी. चर्चच्या मागे आमच्या ट्रस्टचं मुलींचं वसतिगृह आहे, तिथे तिने आयुष्यभर स्वयंपाक केला. सगळं चर्च तिला मावशी म्हणतं. उमेदवार तिच्या बहिणीचा मुलगा. बहीण गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. ती उभी राहिली, तिने मागितलं, पप्पांनी ते म्हटलं. पण मावशी बाकावरून बोलली होती आणि माईक पप्पांच्या हातात होता. रेकॉर्डिंगमध्ये तिचा आवाज नव्हताच.

शुक्रवारी संध्याकाळी मी अहमदपूर, लोहामार्गे घरी पोचले तेव्हा निवडणूक कार्यालयाची नोटीस येऊन पडली होती. विरोधी उमेदवाराने तक्रार केली होती. प्रार्थनास्थळाचा प्रचारासाठी वापर, खुलासा करा. मम्मीने ती पेपरखाली सरकवून ठेवली होती, जसं काही कुणी दारातून वाचेल.

ट्रस्ट नांदेडचा. धर्मादाय नोंदणीचा, आयकरात सवलत असलेला. त्या सवलतीवर वसतिगृह चालतं, कारण देणगीदार कराची पावती मिळते म्हणून देतात. ट्रस्टचे सचिव हे लपवतही नाहीत. त्यांनी फोनवर पप्पांना सरळ सांगितलं. गुन्हा दाखल झाला तर ट्रस्ट राजकारणात पडला असं कागदोपत्री होईल आणि सवलतीची चौकशी लागेल. ते टाळायचं तर गुन्हा पाळकाचा, ट्रस्टचा नाही, असं दाखवावं लागेल. म्हणजे पप्पांना त्याच दिवशी कामावरून काढावं लागेल. निवडणूक होईपर्यंत विनंत्या बंदच ठेवा, असंही ते म्हणाले.

"विनंत्या बंद करायच्या तर मी तिथं उभा कशाला राहू?" पप्पा म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी नेहमीसारखं जेवण केलं. मी जेवले नाही. घर चर्चचं, पगार चर्चचा, आणि पप्पांना दुसरं काही येत नाही. मला याची भीती त्यांच्यापेक्षा जास्त वाटत होती आणि ते मला त्यांच्याशी बोलता येत नव्हतं.

शनिवारी मी त्यांच्याबरोबर तहसीलला गेले. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला कायदा कळतो अशी आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, लोकांची समजूत आहे. खरं तर तिथल्या मराठी सूचना मी अडखळत वाचत होते.

अधिकारी बाई होत्या, पप्पांपेक्षा बऱ्याच लहान. टेबलावर अर्धा प्यायलेला चहा आणि फाइली. त्यांनी व्हिडिओ आमच्यासमोर लावला. ढोल वाजला तसा शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला.

"आवाज तुमचाच?"

"माझाच," पप्पा म्हणाले. "पण मागणं माझं नाही."

मग त्यांनी सगळी रीत समजावून सांगितली. म्हैस, गुडघा, परीक्षा. बाईंनी ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. कारकून म्हणाला, "म्हणजे पाळकसाहेब, उद्या मी उभा राहून साहेबांच्या बदलीचं मागितलं तर तेबी म्हणाल का?"

"म्हणेन की," पप्पा म्हणाले.

ही त्यांची प्रामाणिक उत्तरंच आम्हाला बुडवणार, असं वाटलं. मी काहीतरी बोलले.

"मोठ्यानं बोला," बाई म्हणाल्या.

"माईक त्यांच्याकडे असतो. मावशींना माईक नसतो. म्हणून त्यात एकच आवाज आहे."

बाईंनी व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी मोबाईल कानाशी धरून. मग म्हणाल्या, हे लिहून द्या, मी बघते, पण नोटीस मागे घेणं माझ्या हातात नाही. आणि फक्त तुम्हालाच दिली असं समजू नका. एका मठाला दिली, एका दर्ग्याला दिली, सगळीकडे उमेदवार जातात आणि सगळीकडे फोटो काढतात. उद्या आमचं व्हिडिओ पथक येईल. उपासना करा, कुणी अडवणार नाही. कुणाचं नाव नको, चिन्ह नको, मत नको.

"आणि कुणी मागितलं तर?" पप्पांनी विचारलं.

"मागणाऱ्यावर माझी नोटीस नाही, काका. म्हणणाऱ्यावर आहे."

रविवारी पथक वेळेच्या आधीच आलं. दोघं होते, एक कॅमेरावाला आणि एक डायरीवाला. आमच्याकडे चपला दाराशी काढतात हे बघून कॅमेरावाल्याने बूट काढले. डायरीवाल्याने त्याला काहीतरी विचारलं आणि मग त्यानेही काढले. शेवटच्या बाकामागे त्यांनी स्टँड लावला. येणारा प्रत्येक जण आमच्या रीतीप्रमाणे पप्पांना "सलाम" करून मागे वळून बघत होता आणि मग नेहमीपेक्षा पुढे जाऊन बसत होता.

मी कीबोर्ड वाजवते. तो भिंतीला आडवा लावलेला आहे, त्यामुळे मला सगळ्यांचे चेहरे दिसतात आणि माझ्याकडे कुणी बघत नाही. मला ही जागा म्हणूनच आवडते. त्या दिवशी पहिल्याच गाण्यात मी चुकीची पट्टी धरली. बायका तरीही त्याच पट्टीत गायल्या.

प्रवचनभर मी पप्पांचा एकेक शब्द तपासत होते. लहानपणापासून ऐकलेले शब्द. राजा, राज्य, सिंहासन, विजय. यातला प्रत्येक शब्द त्या दिवशी प्रचाराचा वाटत होता. डायरीवाल्याने पेन हलवलं की मला वाटायचं, झालं. बहुतेक तो नुसता रेघोट्या मारत असावा. पप्पांच्या कपाळावर घाम होता. पंखा त्यांच्याच डोक्यावर होता.

मग त्यांनी विचारलं, "कुणाची काही विनंती?"

कुणीच उभं राहिलं नाही. असं कधी झालं नव्हतं. बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत एक आजी बसली होती; तिच्या मुलीचं बाळ दिवस भरण्याआधीच जन्मलेलं आणि नांदेडला काचेच्या पेटीत होतं. हे मंडळीत सगळ्यांना माहीत होतं. तिने पदराचं टोक तोंडात धरलं होतं. ती अर्धवट उठल्यासारखी झाली, तिने मागे पाहिलं आणि पुन्हा टेकली. बाळासाठी मागण्यात काय गुन्हा आहे, असं मला तिला ओरडून सांगावंसं वाटलं. मी सांगितलं नाही. सुरांवर बोटं ठेवून बसून राहिले.

तेव्हा मावशी उठली.

पप्पांनी माईक खाली केला. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी खाकरलं. कॅमेऱ्याचं तोंड मावशीकडे वळलं.

"माझ्या पोरासाठी मागा," ती म्हणाली. "त्याचा बीपी लई वाढलाय. गोळ्या घेऊन राहिला, पण उतरून न्हाई राहिला. एवढंच."

पुरुषांच्या बाजूला हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. मावशी हसली नाही. आदल्या आठवड्यात तिच्या पोराला प्रचारात चक्कर आली होती. म्हणजे मागणं खरं होतं. पण ते कुणासाठी आहे हे कॅमेरा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं, आणि पप्पांची रीत नाव घेऊन, जसंच्या तसं मागण्याची होती.

पप्पांनी माईक वर घेतला. "मावशींच्या घरी जे आजारी आहेत, त्यांना आराम पडो," ते म्हणाले. हे शब्द मावशीचे नव्हते. माझ्या आठवणीत पहिल्यांदा पप्पांनी कुणाचं मागणं स्वतःच्या शब्दांत मांडलं होतं.

मावशी उभीच होती. "नाव घ्या की, पाळकसाहेब."

"देवाला नाव माहीत आहे, मावशी."

ती बसली. त्यानंतर ती आजी उठली, बाळाचं बोलली, आणि तिच्यामागून आणखी काही जण उठले. पप्पा सगळ्यांचं म्हणत गेले, पण नाव कुणाचंच घेतलं नाही. एका म्हाताऱ्याने आपल्या नातवाचं नाव मुद्दाम स्पष्ट सांगितलं, तरी पप्पा "नातवाला" एवढंच म्हणाले. सगळ्यांना एकच नियम, असं त्यांनी ठरवलं असणार.

उपासना संपल्यावर डायरीवाला माझ्याकडे आला. "त्या म्हाताऱ्या बाईंच्या घरी बीपी कोणाला आहे?"

"घरातल्याच कुणाला तरी," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. त्याला ठाऊक असावं. कंधार केवढंसं गाव. मग तो म्हणाला, "माझ्या आईलाबी हाय," आणि डायरी मिटून बूट घालायला गेला.

मावशी दुपारी घरी आली. आम्ही जेवत होतो. मम्मीने ताट वाढू का विचारलं तर नको म्हणाली, दारातल्या खुर्चीवरच बसली.

"मी बीपीचं मागितलं," ती म्हणाली. "मताचं मागितलं न्हाई. तुमाला तकलीफ नको म्हणून रात्रभर विचार करून शब्द शोधला. आन तुमी नाव गाळलं."

पप्पांनी हात धुतले आणि तिच्यासमोर येऊन बसले. निवडणूक झाली की नाव घेऊन करतो, असं ते म्हणाले.

"मग काय उपयोग? तवर त्याचा बीपी वाट बघल का?"

मम्मी मध्ये पडली. वसतिगृहाचं सांगू लागली, सवलतीचं, नांदेडच्या सचिवांचं. मावशीने तिला हाताने थांबवलं. त्या वसतिगृहाच्या चुली तिनेच पेटवल्या होत्या, तिला कुणी काय सांगावं.

"मला एवढंच सांगा, पाळकसाहेब. तुमी कायद्यानं नाव गाळलं का भिऊन?"

कायद्यात आजारपणाला कुठेही मनाई नव्हती. ते पप्पांना माहीत होतं, मला माहीत होतं. मला वाटलं, ते आता नियमाचंच कारण सांगतील आणि सुटतील. मला ते सुटायला हवे होते.

"भिऊन," पप्पा म्हणाले. "मला कामावरून काढतील म्हणून भ्यालो."

मावशीने मम्मीकडे पाणी मागितलं, प्यायली, आणि गेली.

मतदानाच्या आधी कार्यालयाचं पत्र आलं. खुलासा स्वीकारला, पुन्हा असं घडू नये अशी समज दिली. सचिवांनी नांदेडहून फोन करून पप्पांचं अभिनंदन केलं. वसतिगृह चालू आहे, पप्पा कामावर आहेत. मावशीचा पोरगा निवडून आला. पेढे आणि शाल घेऊन आला तेव्हा पप्पांनी पेढा घेतला, शाल परत केली, आणि सोबतच्या माणसाला मोबाईल खिशात ठेवायला लावला.

आता आचारसंहिता नाही. पप्पा पुन्हा नाव घेऊन मागतात, शब्द न बदलता. पेटीतलं बाळ घरी आलं, त्याचे आभारही त्यांनी आजीच्याच शब्दांत मानले. मावशी दर रविवारी येते, गाते, सगळ्यांच्या मागण्यांना आमेन म्हणते. स्वतः उभी राहत नाही. विनंत्या संपत आल्या की पप्पा तिच्या बाकाकडे बघून थांबतात. मी कीबोर्डवरून दोघांनाही बघत असते. ती मांडीवरचा रुमाल नीट करते, आणि मग पप्पा माईक उचलतात.