खांबाशी शिकलेली फुगडी

तिसगावात पंचमीला मारुतीच्या पारापुढं फुगड्या रंगल्या, की बायकांच्या पर्सा, चपला, मोबाईल सांभाळायला रोहिणी असायचीच. नवऱ्यानं टाकलेली, आईबाप गेल्यावर माहेरच्या घरात एकटी राहणारी. तिला कुणी वाकडं बोलत नसे. नुसतं तिचा हात धरायचं कुणाला सुचत नसे, आणि गाव यालाच चांगुलपणा म्हणतं!

पर्सा सांभाळत ती राहीबाई आणि तिच्या जावेची फुगडी डोळ्यांत तेल घालून बघायची. पन्नाशीतल्या या दोघी भिंगरीसारख्या फिरायच्या. पायांची बोटं बोटांना भिडलेली, हातांची अढी ताठ, अंग मागं झोकलेलं, आणि नजर पायांकडं नाही, समोरचीच्या तोंडाकडं. रोहिणीनं सगळं टिपलं. घरी येऊन ती दार लोटायची, ओसरीच्या खांबाला जुनं लुगडं गुंडाळायची आणि टोकं धरून, मागं झुकून त्याच्याभोवती फिरायची.

यंदा राहीबाईची जाऊ लेकाकडं पुण्याला गेली. पंचमीला राहीबाईनं इकडंतिकडं पाहिलं आणि हाक मारली, "रोहिने, ठिव ते वझं खाली. ये, धर हात."

रोहिणीनं पर्सा पारावर ठेवल्या. इतकी वर्षं या हाकेची वाट बघितली. आता फजिती झाली, तर पुन्हा कोण बोलावणार?

पावलं बिनचूक पडली, पण फुगडी रंगेना, हिसके बसू लागले. खांबापाशी सगळी पकड तिची एकटीचीच असायची. तशीच तिनं राहीबाईची मनगटं करकचून आवळली होती.

"आगं, बांगड्या फोडतीस का माज्या? हात ढिला सोड. मी धरलंय न्हवं तुला!"

दुसऱ्या बाजूनंही धरलेलं असतं, हे रोहिणीला ठाऊकच नव्हतं. तिनं अंग मागं टाकलं. पडली नाही. मग अशी गरगरली, की बायका उखाणे विसरून बघत राहिल्या. ती हसत होती आणि रडतही होती.

"फुडच्या पंचमीला?" तिनं धापा टाकत विचारलं.

"तवर जाऊ येईल की माजी," राहीबाई सहज म्हणाली आणि तिनं आपली पर्स मागितली.

घरी भाकरी थापताना रोहिणी मनगटावरचे राहीबाईच्या बोटांचे वळ बघत होती. शेवटची भाकरी भाजेतोवर ते मावळले. तिला एकटेपणाची सवय होती. आज ती मोडली होती. ओसरीवर येऊन तिनं खांबाला लुगडं गुंडाळलं. टोकं धरून मागं झुकली, पण पलीकडून कुणी धरलेलं नव्हतं. जरा वेळानं ते सोडून परत दांडीवर टाकलं.