बर्वे साहेबांच्या टेपवरची जड गाणी

बरे दिवस असले की माणूस जेवतो, झोपतो आणि सांगण्यासारखं काही उरत नाही. किस्से साठतात ते वाईट दिवसांत. आमच्या ग्रुपचे म्हणूनच इतके आहेत. तीन माणसं, राहात्याकडचा एक साखर कारखाना आणि सत्तर ते त्र्याहत्तरचा काळ. अजूनही जुनं कोणी भेटलं की विचारतं, "वसंता, तुमच्या त्या धडामधूमचं पुढं काय झालं?" मग चहा मागवावा लागतो.

देवदान फिटर होता. गिटार वाजवायचा आणि ओरडायचा. त्याच्या मते ते गाणं होतं. गंगाधर मिल हाऊसला, म्हणजे ऊस गाळतात तिथं, हंगामी कामगार. त्याच्यापुढं डिझेलची रिकामी पिंपं, एक फुटकं घमेलं आणि ट्रॉलीचा वाकलेला पत्रा असायचा. मी वायरमन. अँप्लिफायर सांभाळायचो आणि हात मोकळा असला की टांगलेल्या पहारीवर हातोडा मारायचो. सुट्टीच्या दिवशी आम्ही कारखान्याच्या भंगाराच्या आवारात बसायचो, कारण दुसरीकडं कोणी बसू देत नव्हतं.

गिटार देवदाननं पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली. तिच्यातून आवाज मोठा निघावा म्हणून मी एका मोडक्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधला भाग काढून तिच्यावर बसवला. स्पीकर गणपतीच्या मंडळाचा, उंदरांनी कुरतडलेला. पहिल्यांदा लावला तर गिटारऐवजी कुणीतरी दात खातंय असा आवाज आला. मी खळ आणि कागद घेऊन चिकटवायला बसलो, तर देवदाननं माझा हात धरला.

"राहू दे. मिल अशीच गुरगुरते."

त्या दिवसापासून तो स्पीकर कधी दुरुस्त झाला नाही.

*

मिलचं असं होतं की ती हंगामात रात्रंदिवस चालायची आणि आमचा सगळा ठेका तिच्यावरच बसलेला. भिंतीपलीकडं रोलर फिरायचे, अलीकडं गंगाधरचे हात. एकदा गाण्याच्या अगदी मध्यावर ऊस अडकला आणि मिल बंद पडली. गंगाधरचे हात वरच थांबले. देवदानचं तोंड उघडं राहिलं. आम्ही तिघं तसेच बसलो.

भिंतीवरून भिकाजी तात्यानं डोकावून बघितलं. तात्या म्हणजे मिलच्या गव्हाणीत ऊस टाकणाऱ्यांतला सगळ्यात जुना माणूस. त्यानं आमच्याकडं बघितलं, बंद मिलकडं बघितलं आणि विचारलं, "तुमीबी त्याच शाफ्टवर हाय का?"

*

देवदानच्या आईची फार इच्छा होती की पोरानं नाताळात चर्चमध्ये वाजवावं. वस्तीतलं छोटं चर्च, पेटी आणि टाळ एवढंच असायचं. देवदाननं पाळकांना शब्द दिला की हळू वाजवीन. वाजवलंही हळूच. पण त्याला चाल एकाच जातीची सुचायची. दोन मिनिटांत पुढच्या बाकावरची बाळं रडायला लागली, मग एक म्हातारी रडायला लागली, आणि तिला बघून देवदानची आई.

पाळक फार सज्जन. शेवटपर्यंत थांबले. मग जवळ येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "देवदान, येशू आत्ताच जन्मलाय रे. वधस्तंभाला अजून तेहतीस वर्षं आहेत."

*

गंगाधरचं घर खर्ड्याच्या बाजूला. त्याचे वडील किसन आबा पूर्वी गावची हलगी वाजवायचे. लग्न असो, मयत असो, निरोप आला की जायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी हलगी सोडली ती सोडली. त्यावरून गावानं त्यांचं काम तोडलं, विहिरीवर अडवलं, तरी आबांनी परत हात लावला नाही. घरात ताटावर बोटांनी ठेका धरला तरी पोराला मार बसायचा.

त्यामुळं आपण इथं पिंपं बडवतो हे गंगाधरनं घरी सांगितलंच नव्हतं. आबा एकदा पोराला भेटायला म्हणून न कळवता आले आणि कोणीतरी त्यांना थेट भंगाराच्या आवारात आणून सोडलं. गंगाधर ऐन जोरात होता. वर बघितलं तर समोर बाप. हातातल्या काठ्या त्यानं खाली ठेवल्या नाहीत, त्या पडल्या.

आबा पुढं आले. पिंपाभोवती एक चक्कर मारली. पत्र्यावर हात ठेवून बघितला. मला वाटलं आता उचलून फेकतात. मग त्यांनी विचारलं, "हे वाजवाया तुला कुनी बलावतं, का तू आपनहून वाजवतो?"

"आपनहून, आबा."

"मग वाजव."

आणि ते एका गंजक्या पाईपवर बसले. गंगाधरला काही त्या दिवशी नीट वाजवता आलं नाही.

*

बर्वे साहेब आमच्या कारखान्यात शिफ्ट इंजिनियर होते. पुण्याचे, बंगल्यात एकटे राहायचे. बाईसाहेब वारून वर्ष झालं होतं. भंगाराच्या आवारातला आवाज बंगल्यापर्यंत जायचा. एका रविवारी ते चप्पल फटफटवत आले तेव्हा आम्ही आधीच वायर गुंडाळायला घेतली. त्यांनी हातानंच चालू द्या म्हटलं, ग्रीसच्या डब्यावर बसले आणि सगळं ऐकलं.

उठताना म्हणाले, "ही गेल्यापासून रेडिओवरचं काही ऐकवत नाही हो. सगळंच फार गोड लागतं."

त्यांच्याकडं स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. बहात्तरच्या पावसाळ्यात पाऊस आलाच नाही, आणि हंगाम सुरू झाला तेव्हाच सगळ्यांना दिसत होतं की ऊस थोडा आहे, मिल लवकर थांबणार. साहेबांनी आम्हाला बोलावून सांगितलं, की मिल चालू आहे तोवर तुमची गाणी टेप करून घेऊ. एकच स्पूल आहे, तेव्हा सगळ्यात जड असतील तेवढीच निवडा. हलकी नकोत.

आता जड कोणतं, यावरून आमचं जुंपलं. गंगाधर म्हणायचा, जे वाजवल्यावर हात वर जात नाही ते. देवदान म्हणायचा, जे झाल्यावर कोणी बोलत नाही ते. माझं माप सोपं होतं. ज्याला फ्यूज उडतो ते. गाण्यांना नावं अशी नव्हतीच. आम्ही कारखान्यातलीच दिली होती. 'बॉयलर', 'मळी', 'भोंगा'. सगळ्यात जड 'चरक'. त्यात शब्द एवढेच, "चरकात गेलं ते परत येत न्हाई", आणि तेच देवदान घसा बसेपर्यंत म्हणायचा. शेवटी तिघांची मापं जिथं जुळली ती गाणी घेतली.

साहेबांना वाटत होतं एखाद्या बंद खोलीत टेप करावं. देवदान ऐकेना. "साहेब, मिलशिवाय आमाला ठेका सापडत न्हाई." मग सामान थेट मिल हाऊसमध्ये नेलं, रोलरपासून दहा पावलांवर. टेप झाल्यावर ऐकून बघितली. आम्ही निम्मे होतो आणि मिल निम्मी.

साहेब म्हणाले, "नाव कुणाचं लिहू?"

देवदान म्हणाला, "हंगामाचं लिवा."

*

संक्रांत झाली आणि थोड्याच दिवसांत मिल थांबली. देवदान आणि मी कायम होतो, आम्ही राहिलो. हंगामी माणसांना घरी पाठवलं. जाताना गंगाधरनं पिंपं उलटी करून ठेवली, आत पाणी साचू नये म्हणून. त्या वर्षी पाणी कुठून साचणार होतं?

पुढं तो त्याच्या गावाकडं दुष्काळी कामावर खडी फोडायला लागल्याचं कळलं. मी आणि देवदान एसटीनं भेटायला गेलो. उघडं माळरान, लांबच लांब रांगा, प्रत्येकापुढं दगडांचा ढीग. गंगाधर रांगेत नव्हता, पाट्या वाहत होता. विचारलं तर म्हणाला, पहिले दिवस रांगेत होतो. पण त्याचा हातोडा तालात पडायचा आणि बघता बघता शेजारचे, मग त्यांच्या शेजारचे, अख्खी रांग त्याच तालात फोडायला लागायची. बाया हसायला लागल्या. मुकादमानं येऊन त्याला उठवलं.

"काय म्हनला मुकादम?"

"म्हनला, हे काम हाय, लगीन न्हाई."

मजुरांना खायला सुकडी वाटत होते. त्यानं त्याच्यातली अर्धी आमच्या हातावर ठेवली. आम्ही नको म्हणालो तर ऐकेना. मग त्यानं एकच विचारलं, मिल कधी सुरू होणार. देवदान म्हणाला पाऊस पडला की. तिघांनी वर बघितलं आणि मग कोणी वर बघितलं नाही.

*

आता हा शेवटचा.

ऐन उन्हाळ्यात गंगाधर एक दिवस कारखान्यावर आला. काम मिळतंय का विचारायला आला होता. ते मिळालं नाही. टाईम ऑफिसमधून बाहेर आला तो रडवेला नव्हता की रागावलेला नव्हता, नुसता रिकामा. बर्वे साहेब बाहेरच उभे होते. ते म्हणाले, "अरे, तुझी टेप तरी ऐक."

वर्कशॉपमध्ये टेप लावली. पण मिलमध्ये राहून गंगाधरचे कान मंद झालेले. टेपरेकॉर्डरच्या छोट्या स्पीकरला कान लावून बसला तरी त्याला धड ऐकू येईना. "पिंप कुटं हाय माजं?" असं दोनदा विचारलं. मग मी टेपची वायर टाकीवरच्या भोंग्याच्या अँप्लिफायरला जोडली. गेटवर सूचना द्यायचा मोठा भोंगा तो. साहेब हो म्हणाले. दुपारची वेळ, आवारात चिटपाखरू नव्हतं.

पहिल्या गाण्याला गंगाधरची मान हलायला लागली. दुसऱ्याला मांडीवर बोटं. 'चरक' लागलं तेव्हा तो डोळे मिटून बसला होता.

तेवढ्यात गेटवरचा वॉचमन पळत आला. "साहेब, मानसं आलीत."

बाहेर जाऊन बघितलं. वारा पडलेला, रानात पीक नाही, आवाज अडवायला काही उरलेलंच नव्हतं. तो वस्त्यांपर्यंत गेला होता. सायकलवरून, चालत, पंचे डोक्याला गुंडाळून लोक येत होते. बहुतेक आमचेच हंगामी. काहींच्या हातात जेवणाचे डबे. कुणाच्या बायका पोरं घेऊन मागून. सगळ्यांत पुढं भिकाजी तात्या, धाप लागलेला, धुतलेला सदरा घातलेला. गेटच्या गजाला धरून त्यानं साहेबांना विचारलं, "मला कोनती पाळी?"

साहेबांनी देवदानकडं बघितलं. देवदाननंच सांगितलं, की तात्या, मिल नाही सुरू झाली. टेप आहे. आमची गाणी आहेत.

तात्यानं जरा वेळ ऐकलं. "मिलचा आवाज येतोय की."

"हंगामातला हाय तो. टेप केल्ता."

हे मागं सगळीकडं पोचलं. मला वाटलं आता शिव्या पडतील, नाहीतर दगड. तसं काही झालं नाही. कोणी गेलंही नाही. गंगाधर आमच्या शेजारी उभा होता. त्यानं दिंडी दरवाजा उघडला, बाहेर गेला आणि त्यांच्यात जाऊन उभा राहिला.

गाणं संपलं. पट्टी सुटून स्पूल फटफट करत नुसतं फिरायला लागलं. मी जाऊन बंद केलं.

"थांबली का?" तात्यानं विचारलं.

"थांबली, तात्या," देवदान म्हणाला.

"मग परत लावा. आलोय तर पाळीभर थांबतो."