रांगेतला डबा

अक्का काल गेली, आणि आज सकाळी बसून मी तिची गोष्ट पुरी केली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय झालं होतं, दुखणंही जुनं. अचानक असं काही नाही.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभराचं चॅलेंज चालू आहे. रोज एक पान लिहायचं. सगळी तरणी पोरं, त्यांच्यात मी एकटा पिकलेला.

पहिल्याच आठवड्यात माझा स्टॉक संपला. मग शिळ्या कढीला ऊत आणला. कापसाच्या वाईट वर्षांत अर्धी सोडलेली एक गोष्ट कपाटातून काढली.

महागावला खरेदी केंद्राबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. नंबर लागेना, म्हणून माणसं गाडीखालीच मुक्कामाला. एकाची बायको गावाहून डबा घेऊन येते. गाडी आहे, बैल आहेत, नवरा नाही.

तेव्हा अशा गोष्टीचा एकच शेवट ठरलेला असे. पेपरात तोच, भाषणात तोच. मीही नवऱ्याला विहिरीपर्यंत नेऊन ठेवलं होतं.

अक्काला वाचून दाखवलं, तर तिचा चेहरा उतरला. डबा नेणारी ती स्वतःच होती, आणि रांगेतले आमचे भाऊजी. एकदा तिला गाडी रिकामी दिसली होती एवढंच मला ठाऊक, पुढचं मी रचलेलं.

"काहून मारतं रे त्याइले? ते तं ओसरीत चहा पिऊन राह्यले."

मी म्हटलं, अक्का, गोष्ट आहे.

"तुह्यासाठी गोष्ट. मले गावातल्या बायका विचारतीन, कसा गेला तुहा माणूस."

मी कागद गुंडाळून ठेवले. भाऊजी पुढं चांगले म्हातारे होऊन गेले.

या महिन्यात तेच कागद तिला रोज फोनवर वाचून दाखवायचो. ऐकू कमी यायचं, म्हणून ओरडून. माझ्या शेजाऱ्यांनाही गोष्ट पाठ झाली.

वाचता वाचता रिकाम्या गाडीपाशी पोचलो आणि विचारलं, अक्का, त्या दिवशी भाऊजी होते तरी कुठं?

"कुठं जातीन? मांगच्या गाडीखाली जेवत होते."

मग तिनं सगळं सांगितलं. रांगेचा रिवाजच होता. कोणाचाही डबा आला की पुढच्या-मागच्या गाडीवाल्यानं त्यात जेवायचं, एकट्यानं फडकं सोडायचं नाही. त्या दिवशी मागच्याचा डबा आधी आला.

हिनं रिकामी गाडी पाहिली आणि मटकन खाली बसली. डोळे केंद्राजवळच्या विहिरीकडं. तेवढ्यात भाऊजी बोटं चाटत आले, वर विचारतात, चटणी आणली का?

मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?

"काय म्हणू? रडली. अन् मंग देल्ली चटणी."

इतक्या वर्षांत हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं, भाऊजींनाही नाही. जित्या माणसाचं मरण आपल्या मनात आलं, याची तिला लाज वाटायची. माझी गोष्ट ऐकून ती का दुखावली, ते मला आता कळलं.

मी विचारलं, लिहू का हे?

"लिही. पण त्याइले आधी पोटभर जेवू दे."

तसंच लिहिलं. नवरा मागच्याचा डबा खातो, मग बायकोनं आणलेलाही खातो. पुढचा गाडीवाला येऊन बसतो. मागचा कांदा फोडतो. मरत कोणी नाही.

ग्रुपवर एकानं लिहिलं, काका, शेवट फुसका झाला.

झाला असेल. बदलणार नाही.

अक्का, धाकट्या भावाचा नमस्कार घे. सुखानं जा.