माजघरातली मच्छरदाणी

मला पाचवा महिना लागला तेव्हा गावात थंडीतापाचे पेशंट निघायला लागले होते. सरकारी दवाखान्याच्या आशाताई मच्छरदाणी घेऊन आल्या. "पोटुशीला मलेरिया लय वंगाळ," त्या सासूबाईंना म्हणाल्या, "लेकराची वाढ खुंटतीय. हिला रोज जाळीतच झोपवा." सासूबाईंनी त्याच दुपारी माजघरात चार खिळे ठोकले आणि माझ्या बाजेवर जाळी बांधून कडा गादीखाली खोचून दाखवल्या. मी परभणीत वाढलेली, मला मच्छरदाणी नवी नव्हती. सासूने सुनेसाठी खिळे ठोकणं मात्र नवं होतं, म्हणून मी मुकाट्याने शिकून घेतलं.

अडचण एवढीच, की माजघरातून सगळ्यांची ये-जा. जाळी सोडली की सून निजली, हे अख्ख्या घराला दिसायचं. त्यामुळे भांडी घासून, सासरे ओसरीवर गेल्याशिवाय मी आत शिरत नसे. तोवर डास पायांचा समाचार घ्यायचे. निदान रात्र तरी झाकलेली जायची.

मग देवगाव फाट्याकडून सासऱ्यांच्या थोरल्या बहीण आल्या, आमच्या आत्याबाई. आल्या आठ दिवसांसाठी. पण घरी सुनेशी बिनसलेलं असलं की त्यांचे आठ दिवस लांबतात. सासरे म्हणाले, "आक्काला माजघरात टाका, जाळी हायच." कुणाच्या मनात वाईट नव्हतं. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या बाजेवर धुतलेली चादर अंथरली. माझी सतरंजी स्वयंपाकघरात गेली. नवरा म्हणाला, "काढ चार दिस. आत्याला काय म्हणणार?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार! मला इतका संताप आला होता, की त्या आठवड्यात माझ्या हातच्या सगळ्या भाकरी करपल्या.

आत्याबाई गौरी-गणपती करूनच जाणार असं ठरलं, आणि त्याच सुमारास एका दुपारी मला हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. त्याचं मला काही वाटलं नाही. नुकतंच हलायला लागलेलं बाळ सकाळपासून हललं नव्हतं, त्याने माझा जीव घाबरा झाला. पोटावर हात ठेवून मी नुसती वाट बघत राहिले.

शेजाऱ्यांच्या जीपने जिंतूरला नेलं. रक्तात मलेरिया निघाला. बाळाचे ठोके लागले, तेव्हा मी मोठ्याने रडले. डॉक्टरांनी विचारलं, "घरात मच्छरदाणी नाही का?" माझ्या पायथ्याशी उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "हाय."

घरी आलो, तेव्हा आत्याबाई बाजेवर बसून सुपारी कातरत होत्या. सासूबाई दारातच थांबल्या. "आक्का, बाज सोडा. जाळी तिची हाय." नातवंड यायची वेळ झाली, तरी या बाईने नणंदेपुढे कधी तोंड उघडलं नव्हतं.

आत्याबाई खरोखरच गोंधळल्या. "अगं, मला काय म्हाईत? पयल्याच दिवशी सांगितलं असतं, तर मी काय खाल्लं असतं का तुला?" त्यांनी स्वतःच आपली वळकटी उचलली आणि मला म्हणाल्या, "जा आत. दिवस हाय तर हाय. कोण बघायलंय?" सासरे अंगणात निघून गेले. त्या संध्याकाळी सगळं घर जेवत होतं आणि मी त्यांच्या देखत जाळीत आडवी होते. मला बरं वाटायला हवं होतं. उलट राग दुप्पट झाला. एवढंच बोलायचं होतं होय?

मुलगी फार बारीक जन्मली. तापामुळे असेल, नसेलही, असं डॉक्टर म्हणाले. आता ती शाळेत जाते, रांगेत सगळ्यात पुढे उभी असते. आत्याबाई अजूनही येतात, ओसरीवर निजतात, नातीला मांडीवर घेऊन कौतुकाने म्हणतात, "बारकी हाय गं, आपल्या घराण्यातल्या पोरीच बारक्या." सगळे माना डोलावतात, मीसुद्धा.

सासूबाई तेवढ्या मान हलवत नाहीत. त्या उठतात, आणि दिवस मावळायच्या आत माजघरात जाऊन नातीसाठी जाळी सोडून येतात.