आक्कांनी मागितलेल्या चार दुपारी

वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी साडेनऊला हिराआक्का गेल्या. चकलीची भाजणी दळायला त्या बोरीतल्या गिरणीत गेल्या होत्या. नंबर यायला वेळ होता म्हणून बाकावर बसल्या. दळण झाल्यावर गिरणीवाल्याने हाक मारली, त्या उठल्या नाहीत. त्याने मला फोन केला. दुपारी कोणीतरी डबा घरी आणून ठेवला. भाजणी दळलेली होती.

आक्का माझ्या थोरल्या जाऊ. मी जुन्नरच्या शिक्षकाची मुलगी, लग्न होऊन बोरी बुद्रुकला आले ती दोन ट्रंका पुस्तकं घेऊन. त्या उतरवून घेताना आक्कांनी विचारलं होतं, "ही वाचून झाल्यावं टाकायची असत्यात का ठिवायची?" मला वाटलं, अडाणीपणाने विचारतायत. पुढे कळलं, त्या थट्टा करत होत्या. त्यांचं माहेर आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात, भात-नाचणीचा मुलूख. इथे आमच्या घरी कांदा, ऊस, टोमॅटो. लग्नानंतर पहिली दोन वर्षं त्यांना बाजरीची भाकरी थापता येत नव्हती, आणि सासूबाईंनी ते कितीतरी वर्षं चारचौघांत सांगितलं. मला तर कसलीच भाकरी येत नव्हती, पण माझी नोकरी होती, नारायणगावच्या शाळेत. त्यामुळे मला कोणी काही म्हणालं नाही. ही सवलत मला मिळाली आणि त्यांना मिळाली नाही, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. पुढे दोघी जावांच्या चुली वेगळ्या झाल्या, मध्ये एक भिंत आली, पण देवघर एकच राहिलं आणि गौरीही एकच.

मी कथा लिहिते. फार नाही, वर्षाला एखाद-दोन, त्याही दिवाळी अंकांसाठी. वाचकांच्या हातात अंक दिवाळीत पडतो, पण कथा संपादकांकडे जावी लागते ती गणपतीच्या आसपास. म्हणजे माझं सगळं लिहिणं श्रावण-भाद्रपदात, नेमकं जेव्हा घरात एकामागून एक सण असतात तेव्हा. आक्का म्हणायच्या, "तुझी दिवाळी गणपतीतच येती बाई." आणि एवढं बोलून माझ्या वाटणीचं काम उचलायच्या. नागपंचमीची दिंडं त्यांच्याकडून यायची, गौरीच्या सोळा भाज्या त्या निवडायच्या, दिवाळीच्या फराळाचे माझे डबे त्याच भरायच्या. आलेल्या पाहुण्यांना माझ्या बंद दाराकडे हात करून सांगायच्या, "आवाज करू नका, ती लिवतीया." त्यात टोमणा असायचा आणि अभिमानही. मला सोयीचं होतं म्हणून मी फक्त अभिमान ऐकला.

त्या स्वतः काय करत होत्या, ते मी फार उशिरा ओळखलं. गौरीपुढची आरास आमच्याकडे विकत कधी आणली नाही. आक्का दर वर्षी एक देखावा करायच्या आणि आषाढ लागला की त्यांच्या डोक्यात तो सुरू व्हायचा. भाजी चिरता चिरता मध्येच थांबून कोपऱ्याकडे बघत बसायच्या. एका वर्षी त्यांनी लेण्याद्री केली, साबणाच्या खोक्यांच्या पायऱ्या लावून, आणि अर्ध्या वाटेवर दम लागून बसलेली एक जाडी बाई. एका वर्षी खोडदच्या रेडिओ दुर्बिणी, मोडक्या छत्र्यांच्या काड्यांच्या, खाली मेथीचे हिरवेगार वाफे. उसात बिबट्या आला त्या वर्षी बिबट्या केला, माझ्या पिवळ्या साडीचा, मला न विचारता. त्याचं तोंड अगदी माझ्या थोरल्या दिरांसारखं, भाऊंसारखं दिसत होतं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका बिबट्याकडे बघायच्या, मग ओट्यावर बसलेल्या भाऊंकडे बघायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या. भाऊ शेवटी चिडून म्हणाले की पुढच्या वर्षी बिबट्याला पिंजऱ्यात घाला, म्हणजे मला तरी शांतता मिळेल. या सगळ्यात माझं काम एकच होतं. देखाव्यातल्या पाट्या मी लिहायची. काडीला चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर दोन-दोन ओळी. आक्का चौथीपर्यंत शिकलेल्या, वाचायच्या सावकाश, पण लिहायला लाजायच्या. माझं अक्षर चांगलं. सणातला माझा वाटा तेवढाच.

एकदा एका पुरवणीने मला घर, नोकरी आणि लेखन एकत्र कसं सांभाळता, यावर लेख मागितला. मी लिहिला. आम्ही सगळे सण घरीच, हातानेच करतो, आमच्याकडे विकतचं काही येत नाही, आणि त्यातूनच मला लिहिण्याचं बळ मिळतं, असं काहीसं. पुष्कळ पत्रं आली. आक्कांच्या सुनेने, प्राजक्ताने, तो लेख त्यांना वाचून दाखवला. संध्याकाळी त्या माझ्याकडे लसूण सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "चांगलं लिवलंस. त्यातलं आमी म्हंजी कोण गं?" मी हसले. त्याही हसल्या. तो विषय तिथेच संपला... निदान मी तो तिथे संपवला.

आणखी एक गोष्ट इथे लिहायला हवी. आक्कांच्या माहेरची वाडी डिंभ्याच्या धरणात गेली. तेव्हा त्यांना दोन मुलं होती, त्या इथे बोरीत होत्या. वाडी हलली त्या आठवड्यात ऊसतोड चालू होती म्हणून त्यांना जाता आलं नाही. त्यांनी मला एकदा सांगितलं होतं की सामान काढताना त्यांच्या वडिलांनी सगळ्यात शेवटी जातं उचललं, दोघा माणसांचं ओझं एकट्याने डोक्यावर घेतलं आणि तसेच वर आले. मी त्याची कथा केली. कथेत जातं आई उचलते, कारण ते मला जास्त परिणामकारक वाटलं. त्या कथेचं कौतुक झालं. आक्कांनी ती प्राजक्ताकडून ऐकली आणि मला फक्त एवढंच म्हणाल्या, "माझ्या बापाचं वझं तू आयच्या डोक्यावं दिलंस." मी त्यांना समजावून सांगितलं की कथेत असं करावं लागतं. त्यांनी मान हलवली. पण त्यानंतर बरीच वर्षं त्या माहेरचं काही बोलल्या नाहीत.

म्हणून यंदा नागपंचमीला त्यांनी जे मागितलं, ते साधं मागणं नव्हतं, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. त्यांचा भाऊ धोंडूभाऊ कारवीच्या काड्या आणि भाताचा पेंढा घेऊन आला होता. इथे आमच्याकडे भाताचा पेंढा कुठला. तो परत गेल्यावर आक्का माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या की या वर्षी गौरीपुढं माझी वाडी करणार. एकोणीस घरं. कुडाच्या भिंती, पेंढ्याची छपरं, होती तशीच. प्रत्येक घरापुढे पाटी, त्या घरात कोण होतं, काय होतं. "मी सांगन, तू लिव. चार दुपारा दी मला. पर ह्येच्यात फिरवाफिरवी करायची न्हाई. व्हतं तसंच लिवायचं."

मी हो म्हटलं. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, शाळेचं कारण उरलं नव्हतं. पण एका अंकासाठी दीर्घकथा कबूल केली होती आणि ती अडली होती. म्हटलं, राखीपौर्णिमा होऊ द्या. मग म्हटलं, गोकुळाष्टमी होऊ द्या. आक्का रोज दुपारी दोनला यायच्या. पिशवीत पुठ्ठ्याचे तुकडे कापून आणलेले असायचे. आमच्या पडवीच्या पायरीवर बसायच्या, आतून लॅपटॉपची बटणं वाजताना ऐकायच्या आणि थोड्या वेळाने उठून जायच्या. दार कधी वाजवलं नाही. वाचकांना वाटेल की मला हे नंतर कळलं. तसं नाही. माझं टेबल खिडकीशी आहे. मला त्या दिसत होत्या. त्यांची पाठ दिसत होती, पिशवी दिसत होती. मान वर केली तर त्यांच्याशी बोलावं लागेल आणि बोललं तर दुपार जाईल, म्हणून मी मान वर करत नव्हते. एकदा तर बटणं वाजवायला काही सुचत नव्हतं, तरी मी वाजवत राहिले... पायरीवरून त्या उठेपर्यंत.

हरतालिकेला त्या म्हणाल्या, आता घरं उभी झाली. मी जाऊन पाहिली. देवघराशेजारच्या खोलीत दोन फळ्या जोडून त्यावर त्यांनी उतार केला होता, शेणामातीचा, आणि त्यावर ती एकोणीस घरं. कोणाची पडवी मोठी, कोणाचं छप्पर एका बाजूला खचलेलं, एका दारापुढे मातीचं जातं, बोटाच्या पेराएवढं. देऊळ होतं, पण छोटं, मुद्दाम बाजूला. मी खूप वेळ बघत राहिले. एवढी नजर, एवढा संयम माझ्या कुठल्या कथेत नाही, हे मला कळत होतं. पण गौरी चार दिवसांवर होत्या आणि माझी कथा संपली नव्हती. मी म्हटलं, "आक्का, पाट्या कोऱ्याच लावा. छान दिसतायत. गौरी झाल्या की निवांत लिहू." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग एकेक कोरी पाटी एकेका दारापुढे रोवली.

गौरीपूजनाच्या दिवशी बायका आल्या आणि प्रत्येकीने तेच विचारलं, पाट्यांवर काय लिहायचं राहिलं का. आक्का दिवसभर फळीशेजारी उभ्या राहून प्रत्येकीला तोंडाने सांगत होत्या. हे घर कोणाचं, ते कोणाचं. मी आत फोनवर होते, संपादकांना कथेचा शेवट बदलून हवा होता. येता-जाता माझ्या कानावर तुकडे पडले. एका घरातल्या म्हातारीने पाणी पायरीला लागेस्तोवर चूल विझू दिली नव्हती. एका घरातल्या दोघा भावांत बोलणं नव्हतं, पण घर सोडताना त्यांनी एकमेकांची छपरं उतरवली. ती घरं कोणती, हे मी ऐकलं नाही. प्राजक्ताने मोबाइलवर चित्रण केलं होतं. ते तिने स्टेटसला लावताना त्यावर गौरीचं गाणं घातलं आणि मूळचं चित्रण पुसून टाकलं. त्यात आक्का बोलताना दिसतात, हात करून एकेक घर दाखवतात, आणि ऐकू गाणं येतं. प्राजक्ता त्यासाठी माझ्याजवळ रडली. तिची चूक एका मिनिटाची होती. माझी सव्वा महिन्याची.

दर वर्षी विसर्जनानंतर देखावा मोडायचा, कापड-काड्या ट्रंकेत जायच्या. या वेळी आक्कांनी मोडला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दी. तुझं झालं की लिव. घरं काय पळून जात्यात का?" यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. पितृपक्ष गेला, नवरात्र आलं. कथा देऊन झाली होती. मी मोकळी होते. या दिवसांबद्दल माझ्याकडे कुठलंच कारण नाही. थकले होते, वाचत होते, आज नको उद्या जाऊ म्हणत होते. दोन घरांत एक भिंत आहे. दसऱ्यानंतर त्या पायरीवर यायच्या बंद झाल्या आणि मला थोडं हायसं वाटलं, हेही लिहून ठेवते.

सुतकात अंक पोस्टाने आला. माझी कथा त्यात पहिलीच आहे म्हणतात. मी पाकीट फोडलेलं नाही.

दिवस झाल्यावर मी घोडेगावच्या पुढे धोंडूभाऊंकडे गेले. धरणानंतर ते लोक तिथे वर सरकून राहिले आहेत. मोबाइलमध्ये वाडीचे फोटो काढून नेले होते, प्रत्येक घराचा वेगळा. धोंडूभाऊंनी चष्मा लावला, फोटो लांब-जवळ धरून पाहिले. स्वतःचं घर लगेच ओळखलं, जात्यावरून. देवळाजवळची तीन सांगितली. मग त्यांच्या चुलत्यांना बोलावलं, त्यांनी आणखी तीन सांगितली, त्यातल्या एकावरून दोघांचा वाद झाला आणि चुलते जिंकले. बाकीच्या घरांशी दोघेही अडले. धोंडूभाऊ तेव्हा लहान होते, लवकरच मुंबईला कामाला गेले. चुलत्यांना आता नीट आठवत नाही. वाडीतले इतर लोक कुठे कुठे गेले, कोणाचा पत्ता नाही. निघताना धोंडूभाऊ मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. मग म्हणाले, "आक्काला समदं म्हाईत व्हतं, बाई. तिला इचारायचं व्हतं. ती व्हती की दिवाळीपातूर."

मी म्हटलं, हो.

ते माझ्यावर आरोप करत नव्हते. त्यांना काही माहीत नाही. आक्कांनी माहेरी माझी तक्रार कधी केली नसणार. उलट, जाऊ लिहिते म्हणून सांगितलं असेल.

प्राजक्ता ती खोली झाडायची तेवढी झाडते, फळ्यांना हात लावत नाही. मी रोज दुपारी दोनला तिथे जाऊन बसते. उरलेल्या घरांत माणसं घालणं मला अवघड नाही. नावं, स्वभाव, भांडणं, सगळं सुचेल, आणि खरं वाटेल असं सुचेल. तेवढं लिहिणं मला येतं. म्हणूनच पेन घरी ठेवून जाते.

एकोणीस घरं आहेत. सात पाट्या लिहिल्या आहेत. बारा कोऱ्या आहेत.