अंगातला गंज

"पदर काढ. चोळी वर कर."

सरकारी दवाखान्यात डॉक्टर असं म्हणाले तेव्हा माझ्याभोवती शिकाऊ पोरंपोरी उभी होती. पडदा होता. कुणी ओढला नाही. रांगेतल्या माणसांसमोर मी चोळी वर केली. डॉक्टरांनी पेनाने माझ्या बरगड्या दाखवल्या.

"बघा. टीबीत अंग आतून जळतं. लोखंडाला गंज चढतो तसं. त्यात ही माणसं मोहाची ढोसतात, धड खात नाहीत. औषध तरी काय करणार?"

पोरं हसली. मीही हसले.

त्या हसण्याची लाज अजून जात नाही. मोहाची दारू मी कधी तोंडाला लावली नव्हती. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर दिवसभर उन्हात मिरच्या पसरायच्या, सांजेला भाकरीवर ठेचा. भाजी कुठली? हे मला मराठीत सांगता येत होतं. मोलगीकडच्या आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकले मी. पण त्यांना वाटलं, डोंगरातली बाई, हिला काय कळतंय. मी तसं वाटू दिलं. न कळणाऱ्या बाईला उत्तर द्यावं लागत नाही.

मग रक्त काढलं. कशाला, ते सांगितलं नाही. वॉर्डातली मावशी तेवढी बोलली, "हात नीट धर ना माय."

घरी नवऱ्याला म्हटलं, तपासलं. बाकीचं गिळलं. औषधाने लघवी लाल व्हायची. माझ्याच अंगाची मला किळस येऊ लागली.

पुढच्या खेपेला गोळ्यांसाठी गेले. माझ्यापुढे एक आजी होती. तिला फक्त आमची डोंगरातली बोली येत होती. डॉक्टर तेच. शब्द तेच. रक्ताची सुई शेजारी तयार. आजीला कळेना. मावशीने तिच्या चोळीच्या गाठीला हात घातला. आजी माझ्याकडे बघायला लागली.

मी उठले. मावशी कानाशी म्हणाली, "गप बस. गोळ्या बंद करी देतीन."

तरी पडदा ओढला.

"आधी आजीला सांगा. रक्त कशाला पाहिजे?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुला मराठी येते?"

"मागच्या वेळीही येत होती."

या वेळी कुणी हसलं नाही. एका शिकाऊ मुलीने खाली मान घालून सांगितलं. आजाराशी झुंजताना अंगात काही जहाल तयार होतं, ते आपलंच मांस जाळतं. पोटभर चांगलंचुंगलं खाल्लं तर अंग त्याला थोपवतं. औषध चालू असताना ते जळणं कमी होतं का, हे रक्तात बघायचं.

मी सगळं आजीला आमच्या बोलीत सांगितलं. तिने एकच विचारलं. मी ते मराठीत विचारलं, "मग खायला देणार का?"

"हा फक्त अभ्यास आहे," डॉक्टर म्हणाले.

आजीने हात मागे घेतला. मीही घेतला. गोळ्या मात्र दोघींनी मागून घेतल्या. त्या द्याव्याच लागल्या.

लाज संपली नाही. अंघोळीला बसले की वर येते. पण आता ती मी एकटी वागवणार नाही. मी बरी होणार. दर खेपेला त्या खोलीत आजीच्या शेजारी उभी राहणार. माझं रक्त हवं असेल तर मला 'अहो' म्हणून विचारायचं, आणि त्यात काय निघालं ते माझ्या तोंडावर सांगायचं. नाहीतर सुई खाली ठेवायची.